शेरा, बदली आणि खिडकी

ऑक्टोबर १८८८ मध्ये पुण्यात एक चौकशी आयोग बसला. आरोप होते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांच्यावर. हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. त्यांच्याच नावाने मुंबईत क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले होते. १८८८ साली ते मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचे आयुक्त होते आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक अशा जिल्ह्यांतल्या मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्यांच्या शब्दावर अवलंबून होत्या. हा शब्द विकला जातो, असा आरोप होता.

साक्षीदार म्हणून उभे राहिले ते खुद्द मामलेदार. बढती मिळावी, सोयीचा तालुका मिळावा किंवा गैरसोयीची बदली टळावी म्हणून मध्यस्थामार्फत पैसे पोचवल्याचे त्यांनी सांगितले. हणमंतराव नावाच्या मध्यस्थावर वेगळा खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. लॉर्ड रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभय दिले होते: खरे सांगाल तर नोकरीला धक्का लागणार नाही. त्या शब्दावर विसंबून त्यांनी जबान्या दिल्या.

निकाल मात्र वेगळाच लागला. लाच घेतल्याचा आरोप सिद्ध होत नाही, असे आयोगाने ठरवले. आपल्या अधिकारक्षेत्रातल्या लोकांकडून कर्ज काढल्याचा ठपका तेवढा उरला आणि त्यासाठी क्रॉफर्ड यांना नोकरीतून काढण्यात आले. तिकडे इंग्लंडमध्ये ओरड सुरू झाली की लाच दिल्याचे कबूल करणारी माणसे न्यायदंडाधिकारी म्हणून कशी बसू शकतात? त्या दबावापुढे सरकारने अभयाचा शब्द पुरता पाळला नाही आणि कित्येक मामलेदारांना घरी पाठवले. टिळकांनी मामलेदारांची बाजू उचलून धरली. सरकारने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, यासाठी १८८९ मध्ये पुण्यात सभा झाली. वरचा साहेब लाचेच्या आरोपातून सुटतो आणि त्याच्या दडपणाखाली वागलेला खालचा माणूस भरडला जातो, ही टिळकांची तक्रार होती.

क्रॉफर्ड प्रकरण आज बहुतेक टिळकचरित्राच्या पानांत सापडते. खरे तर महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीच्या इतिहासातही त्याला मोठी जागा मिळायला हवी. कारण त्याने एक गोष्ट उघड्यावर आणली. मामलेदाराने तालुक्यात काय काम केले आणि त्याला पुढे काय मिळाले, या दोहोंमध्ये लोकांना दिसेल असा कोणताही दुवा नव्हता. तो दुवा साहेबाच्या मनात होता. जो त्या मनापर्यंत पोचेल, त्याची सोय होत होती. पुढच्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात कारभार सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतले टिकाऊ प्रयत्न हा दुवा कागदावर आणि उजेडात आणणारे होते.

गावोगावची व्यवस्था तर त्याही आधीपासून वतनाची होती. गावचा पाटील आणि कुलकर्णी, परगण्याचे देशमुख आणि देशपांडे ही पदे बापाकडून मुलाकडे जात. कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या घरी, लाल कापडाच्या रुमालात बांधलेले असायचे. जमिनीची नोंद, सारा, बाकी हे सगळे त्यालाच वाचता येई. त्याने काम नीट केले की नाही, हे तपासायला गावात दुसरे कोणी नसायचे, आणि नीट केले नाही तरी वतन जायचे नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हीच कचेरी शेतकऱ्याच्या बाजूने दाखवली आहे. अक्षरशत्रू कुणबी, त्याच्या अज्ञानावर जगणारे कारकून आणि दौऱ्यावर येऊनही खालच्या अंमलदारांच्या डोळ्यांनीच गाव पाहणारा गोरा अधिकारी. फुल्यांचा मुद्दा आजही ताजा वाटतो. वरिष्ठाला खालचा कारभार दिसत नाही आणि रयतेला आपल्याच नावाचा कागद वाचता येत नाही, तोवर मधल्या माणसाला कोणीच जाब विचारू शकत नाही. क्रॉफर्ड यांच्या नावाच्या मार्केटला पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव मिळाले.

वतनाच्या या गाठीला पहिला मोठा हात घातला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. कचेरीच्या टेबलामागे कोण बसणार, हा प्रश्न त्यांनी धोरणाचा केला. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने रद्द केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. दप्तर कुळाच्या मालकीतून निघून सरकारी नोकराच्या हाती आले. पगारी नोकराची बदली करता येते, त्याला जाब विचारता येतो, काम चुकले तर काढूनही टाकता येते. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. तो मे १९५१ पासून लागू झाला. मुलकी पाटलांचे पद महाराष्ट्रात १९६३ च्या आरंभी संपले. कोल्हापूरने जे १९१८ मध्ये केले, ते बाकीच्या मुलखात पोचायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

भरतीचा प्रश्न एव्हाना बराचसा मार्गी लागला होता. आयसीएसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून सुरू होती. ती पास होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नोकरी मुंबई इलाख्यातच झाली. १९३७ मध्ये मुंबई-सिंध लोकसेवा आयोग आला आणि राज्याच्या स्थापनेनंतर एमपीएससी. दारातून आत कोण येणार, हे गुणांवर ठरू लागले. आत आल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे माणसाचे काम कसे मोजायचे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

महसूल खात्यात मोजमाप नव्हतेच असे नाही. गाव नमुने १ ते २१ ठरलेले होते आणि ते कसे भरायचे हे सांगणारे अँडरसन मॅन्युअल तलाठ्यांच्या पिढ्यांनी पाठ केले होते. दरवर्षी जमाबंदी व्हायची, म्हणजे गावाचा आणि तालुक्याचा हिशेब वरिष्ठ तपासत. प्रांताचे दौरे, सर्कलची तपासणी, दैनंदिनी हे सगळे होते. पण मोजले जायचे ते मुख्यतः वसुलीचे काम. मार्चअखेर सारा किती जमा झाला, बाकी किती राहिली, यावर तलाठी आणि तहसीलदार चांगला की वाईट हे ठरे. वारस नोंदीसाठी एखादी विधवा किती महिने हेलपाटे घालते आहे, हे सांगणारा रकाना त्या एकवीस नमुन्यांत नव्हता.

आणि मग होता गोपनीय अहवाल. कर्मचाऱ्यांच्या बोलीत ‘सीआर’.

१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा हा अहवाल. प्रतिवेदन अधिकारी लिहिणार, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर आपले मत देणार. उद्योगशीलता, हाताखालच्या माणसांशी वागणूक, सचोटी, चारित्र्य अशा एकेका रकान्यापुढे एखाद-दुसरा शब्द आणि शेवटी प्रतवारी. महाराष्ट्रातल्या प्रतवारीत ‘निश्चित चांगला’ नावाची एक पायरी आहे. ती ‘उत्कृष्ट’च्या खाली आणि ‘चांगला’च्या वर. बढतीच्या वेळी निवड समितीसमोर मागच्या काही वर्षांचे अहवाल जातात, आणि तिथे एका पायरीच्या फरकाने माणूस पुढे जातो किंवा अडकतो.

अहवाल गोपनीय असल्याने तो ज्याच्याबद्दल आहे त्यालाच दिसत नसे. प्रतिकूल शेरा असेल तरच तो कळवायचा, असा नियम. बाकी सगळे बंद पाकिटात. यातून दोन रोग जडले. साहेबाशी बिनसलेल्या माणसाला आपले काय चुकले हे कळायचेच नाही, त्यामुळे सुधारण्याचीही सोय नाही. आणि साहेबालाही कटकट नको असल्याने बहुतेकांना सरसकट वरची प्रत मिळायची. खरोखर झटणारा आणि हजेरी लावून जाणारा, दोघांचे अहवाल सारखेच दिसू लागले. ज्या कागदावर कामाची पारख व्हायची, त्यातून पारखच निघून गेली.

या बंद पाकिटाला तडा गेला तो सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या एका कार्यकारी अभियंत्याच्या दाव्यामुळे. अधीक्षक अभियंतापदाच्या बढतीसाठी पाच वर्षे ‘फार चांगला’ ही प्रत हवी होती. त्यांच्या चार वर्षांच्या अहवालांत ती होती. १९९३-९४ या एका वर्षाच्या अहवालात ‘चांगला’ असे लिहिलेले होते. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही, आणि त्याच शब्दाने त्यांची बढती रोखली. दावा सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत ते निवृत्त झाले होते. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १२ मे २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की शेरा वाईट असो वा चांगला, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. न कळवणे हा मनमानी कारभार आहे आणि तो राज्यघटनेच्या कलम १४ शी विसंगत आहे. पुढच्याच वर्षी, मे २००९ मध्ये, केंद्राने संपूर्ण अहवाल संबंधितांना दाखवण्याचा आदेश काढला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच मत कायम केले. ‘गोपनीय’ हा शब्द मागे पडून ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हे नाव रुळले. आता अधिकारी आधी स्वतःच्या वर्षभराच्या कामाचे टिपण लिहितो, त्यावर वरिष्ठ मत देतो आणि ते मत वाचून अधिकाऱ्याला आपले म्हणणे मांडता येते.

ही झाली कचेरीच्या आतल्या माणसाची बाजू. बाहेर रांगेत उभ्या माणसाच्या बाजूने सुरू झालेली सुधारणा पाहायची तर त्याआधीच्या नगरला जावे लागते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. त्या काळातले कोणतेही जिल्हा कार्यालय आठवावे: छताला टेकलेली दप्तरे, कपाटांवर, टेबलांखाली, जिन्यात गठ्ठे, धुळीने रंग गेलेले रुमाल, आणि हवा तो कागद कुठे आहे हे माहीत असलेला एकच जुना कारकून. तो रजेवर गेला की प्रकरण थांबले. ‘साहेब, फाइल सापडत नाही’ हे उत्तर खरेही असू शकायचे आणि पैसे काढण्याची युक्तीही. या दोन्हींतला फरक बाहेरच्या माणसाला कधीच कळत नसे.

लखिनांनी सुरुवात कागदांपासूनच केली. अभिलेखांचे वर्गीकरण नियमांत आधीपासून होते. ‘अ’ वर्ग कायम जपायचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ पाच वर्षे, आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचा. नियम होता, तो कोणी पाळत नव्हते. नगरमध्ये दप्तरे बाहेर काढून छानली गेली, नको ते कागद गेले, हवे ते लावून ठेवले गेले. मोकळ्या झालेल्या जागेत टेबले नव्याने मांडली गेली, कोणाकडे कोणते काम हे ठरले, आणि लोकांसाठी एक खिडकी आली. अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्याऐवजी माणूस खिडकीपाशी येऊ लागला. कागद आत फिरणार, माणूस नाही. हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. राज्यातल्या इतर कार्यालयांत तो गेला आणि दुसऱ्या राज्यांतही त्याची दखल घेतली गेली.

या प्रयोगात कारकुनाला चांगला किंवा वाईट ठरवणारा नवा शेरा नव्हता. त्याच्या टेबलावर किती कागद पडून आहेत, कधीपासून पडून आहेत, हे शेजारच्याला आणि साहेबाला दिसू लागले. चांगल्या कारकुनाला याचा सर्वांत जास्त फायदा झाला. त्याचे काम प्रथमच सगळ्यांच्या नजरेला पडत होते.

प्रत्येक कारकुनाने कार्यविवरण नोंदवही लिहावी, आलेला कागद त्यात चढवावा, निकाली निघाल्यावर खुणावावा, महिन्याचा गोषवारा काढावा, अशी पद्धत कार्यालयीन कार्यपद्धतीत आहेच. सहा गठ्ठा पद्धतही तिथलीच. एक गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, दुसरा उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, तिसरा नियतकालिक विवरणपत्रांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. कोणत्याही कारकुनाच्या कपाटासमोर उभे राहून पाच मिनिटांत त्याचे काम समजावे, असा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेन्डन्सी’ मोहीम चालवली, ती याच जुन्या शिस्तीवर. जे नियमात होते ते रोज पाळायचे आणि रोजचा कागद रोज निकाली काढायचा.

पण अशा मोहिमांना एक धोका कायम असतो. अधिकारी बदलला की गठ्ठे पुन्हा चढू लागतात. म्हणून कायद्याची गरज या मोहिमेच्या बरीच आधी भासली होती. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ चा. केंद्राचा २००५ मध्ये आला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतून राज्यात आणखी एक कायदा आला. त्याचे अधिकृत नाव लांबलचक आहे, लोक मात्र त्याला ‘बदल्यांचा कायदा’ किंवा ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. २००५ चा हा कायदा १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यात दोन विषय एकत्र बांधले आहेत आणि ते योग्यच आहे. एका पदावर साधारण तीन वर्षे आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, हा पहिला भाग. सर्वसाधारणपणे कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, तातडीची फाइल चार दिवसांत निघावी, आणि मुद्दाम दिरंगाई करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, हा दुसरा भाग. क्रॉफर्ड आयोगापुढचे दुखणे आणि नगरच्या दप्तरखान्यातले दुखणे, दोन्हींवर एकाच कायद्यात इलाज शोधला गेला.

२०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची हे प्रत्येक खात्याने जाहीर करायचे. वेळेत मिळाली नाही तर दोन अपिले आणि त्यावर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. फेरफाराचे कामही संगणकावर आले. वारस नोंदीचा अर्ज आला की तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यातली प्रत्येक तारीख आता संगणकात उमटते. कोणत्या टेबलावर नोंद किती दिवस थांबली, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून पाहता येते. एकवीस नमुन्यांत नसलेला तो रकाना अखेर तयार झाला आहे.

दुखणे उरले आहे ते बदल्यांचे. २००५ च्या कायद्यात अपवादात्मक कारणासाठी मुदतपूर्व बदलीची वाट ठेवलेली आहे, आणि त्या वाटेवरची प्रकरणे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ‘मॅट’मध्ये, सतत जात असतात. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी ठराविक कार्यकाळ, बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळ आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद असे निर्देश दिले. ज्या अधिकाऱ्याला आपण इथे सहा महिने राहू की तीन वर्षे हेच माहीत नाही, त्याच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन करण्यात अर्थ उरत नाही. तालुका समजायला, माणसे ओळखायला, दप्तर लावून घ्यायला वेळ लागतो. बदली शिक्षा किंवा बक्षीस म्हणून वापरली गेली की कार्यमूल्यमापनाचा कागद कितीही चांगला असो, कर्मचारी त्याकडे पाहत नाहीत. ते बदलीच्या यादीकडे पाहतात.

इतक्या वर्षांत साधने जमली आहेत. शेरा आता ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचता येतो. फाइल किती दिवस पडली हे नोंदले जाते. सेवा वेळेत मिळाली नाही तर नागरिक अपिलात जाऊ शकतो. आता ही साधने एकमेकांना जोडायला हवीत. तहसीलदाराचा वार्षिक अहवाल लिहिताना त्याच्या तालुक्यात किती वारस नोंदी मुदतीत झाल्या, सेवा हक्काची किती अपिले त्याच्याविरुद्ध गेली, हे आकडे प्रतिवेदन अधिकाऱ्यापुढे त्याच पानावर असले पाहिजेत, आणि कार्यकाळ पूर्ण होण्याआधी त्याची बदली झाली तर तिचे कारणही त्या आकड्यांशेजारी लिहिलेले असले पाहिजे.